अमळनेरचा मांडव, ४० शीटचा अल्बम : लग्नाच्या छायाचित्रणाचा एक सविस्तर अभिप्राय

गेल्या मे महिन्यात अमळनेरला माझ्या भाचीचे लग्न झाले. मेहुणे काही वर्षांपूर्वी वारले असल्यामुळे मुलीकडची बहुतेक कामे मामा या नात्याने माझ्याकडे आली होती आणि छायाचित्रकार ठरवणे हे त्यांपैकीच एक होते. आचारी, बँड, मंडपवाला यांचे बरेवाईट त्याच दिवशी कळते. छायाचित्रकाराचे मात्र अल्बम हातात पडेपर्यंत कळत नाही, आणि आमचा अल्बम दसरा उलटून गेल्यावर हातात पडला. म्हणून हा अभिप्राय एवढ्या उशिरा लिहीत आहे. छायाचित्रकाराचे नाव यात दिलेले नाही. चांगले लिहीन तशा तक्रारीही लिहीन असे मी त्यांना कळवले, तेव्हा ते म्हणाले, "मामा, मग नाव तेवढं राहू द्या." हे मला रास्त वाटले.

ठरलेली रक्कम ९५ हजार रुपये होती. तीत हळद आणि लग्न असे दोन दिवस, लग्नाआधीचे एका सकाळचे चित्रण, दोन कॅंडिड (म्हणजे उभे न करता सहज क्षण टिपणारे) छायाचित्रकार, स्टेजसमोर उभा राहणारा एक पारंपरिक छायाचित्रकार, दोन व्हिडिओवाले आणि ४० शीटचा करिझ्मा (म्हणजे फोटो थेट पानांवर छापलेला) अल्बम एवढे धरलेले होते. ड्रोनचे ८ हजार वेगळे होते. याहून स्वस्त माणसे मिळत होती आणि जळगावात याच्या दुप्पट सांगणारेही भेटले. एका ठिकाणी तर मला खुर्चीवर बसवून मोठ्या पडद्यावर अर्धा तास दुसऱ्यांची लग्ने दाखवण्यात आली; त्यांतली सगळी जोडपी एकाच पद्धतीने एकाच दिशेला पाहत होती.

मी ज्यांना निवडले, त्यांनी पहिल्या भेटीत एकही छायाचित्र दाखवले नाही. त्यांनी वहीत प्रश्न लिहून आणले होते. घरात सर्वांत मोठ्याने कोण हसते, नवरीला चिडवणारे कोण आहे, कोणाकोणाचे एकमेकांशी बोलणे बंद आहे, नवरदेवाकडून कानपिळीचा मान घेणारा मुलगा कोण, आणि शेवटी, घरातले कोण आता नाही. वडिलांचा स्टुडिओ त्यांनी पुढे चालवला आहे. ३६ फोटोंच्या रोलवर एक लग्न तीन-चार रोलांत बसवावे लागे, तेव्हा बटण कधी दाबायचे हे आधीच ठरवावे लागे, आणि आता मेमरी कार्डावर हजारो फोटो मावत असले तरी ठरवण्याची ती सवय आपण सोडलेली नाही, असे ते म्हणाले. माझे स्वतःचे लग्न १९९४ सालचे आहे. त्या अल्बममध्ये ७२ फोटो आहेत आणि एकाही फोटोत कोणी हसलेले नाही. व्हिडिओ कॅसेटमध्ये तर हॅलोजनच्या झोतामुळे सगळे पाहुणे डोळे बारीक करून बसलेले आहेत. या पार्श्वभूमीवर मला त्यांचे प्रश्न आवडले आणि मी २५ हजार रुपये इसार देऊन मोकळा झालो.

लग्नाआधीचे चित्रण एरंडोलजवळच्या पद्मालयाला झाले. गणपतीचे देवस्थान, समोर कमळांचा तलाव आणि भोवती झाडी असल्यामुळे हल्ली तेथे अशा जोडप्यांची ये-जा असते. आम्ही पहाटे निघून सहाच्या सुमारास पोहोचलो. देवळाच्या आवारात गळ्यात हात टाकून फोटो काढणार नाही, हे छायाचित्रकारांनी मुलामुलीला आधीच सांगितले होते आणि हा विवेक मला महत्त्वाचा वाटतो. दोघांची ओळख जेमतेम चार महिन्यांची, त्यात मी सोबत, त्यामुळे दोघेही शाळेच्या ग्रुप फोटोला उभे राहिल्यासारखे ताठ उभे होते. पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीबाहेर आलाच नाही. सगळ्यांनी चहा घेतला. मग छायाचित्रकार थोडे दूर गेले आणि तिथून अहिराणीत ओरडले, "आठे देखा!" आमचे जावई रावेरकडचे, तिकडची बोली निराळी आणि त्यातून त्यांचे शिक्षण पुण्यात झालेले. त्यांनी गोंधळून भाचीला विचारले, "आठ काय देखा? आठ मोजायचे का?" 'आठे' म्हणजे 'इथे' हे सांगता सांगता भाची हसून तलावाच्या पायरीवर बसली, आणि जावई एकदा तिच्याकडे, एकदा कॅमेऱ्याकडे पाहत राहिले. अल्बमचे पहिले पान त्याच क्षणाचे आहे.

हे सहज घडले असे मी समजत होतो. पुढे फोटो निवडण्यासाठी त्यांच्याकडे तीन संध्याकाळी बसलो, तेव्हा त्यांनी सांगितले की नवरदेव बाहेर शिकलेला असला की ते मुद्दाम अहिराणीत बोलतात. ठरवून जमलेल्या लग्नांत दोघांना एकमेकांसमोर लाजल्यासारखे होते, पण दोघे मिळून तिसऱ्याला हसू शकतात, आणि तो तिसरा आपण व्हायचे असते, असा त्यांचा अनुभव आहे. "हसा" असे ते कोणालाही म्हणत नाहीत, कारण त्या शब्दाने दात दिसतात, डोळे हसत नाहीत.

हळदीच्या दिवशीचे काम या सेवेतले सर्वांत उजवे म्हणावे लागेल, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक लिहितो. मंडपवाल्याने हौसेने सगळीकडे पिवळे कापड लावायचे ठरवले होते. उन्हाचा उजेड पिवळ्या कापडातून गाळून आला की माणसांचे चेहरे काविळीसारखे दिसतात, आणि त्यात हळद लावलेली असली तर हळद कोणती आणि कातडी कोणती हे फोटोत वेगळे राहत नाही. छायाचित्रकारांनी आदल्या दिवशी येऊन एका बाजूचे कापड काढून तिथे पांढरे लावायला सांगितले आणि हळदीचा कार्यक्रम सकाळी आठलाच उरकावा असा आग्रह धरला. त्या आठवड्यात पारा ४४ अंशांच्या आसपास होता, त्यामुळे हा आग्रह बायकांनाही मानवला. दुपारच्या उन्हात व्हिडिओचे कॅमेरे तापून बंद पडतात, म्हणून त्यांनी दोन कॅमेरे आलटून-पालटून वापरले आणि जो वापरात नसेल तो सावलीत ठेवला.

त्याआधी पहाटे जात्यावर हळद दळली गेली. माझी आई ८१ वर्षांची आहे आणि जात्यावरची अहिराणी गाणी आता आमच्या घरात तिच्याशिवाय कोणालाच पूर्ण येत नाहीत. व्हिडिओवाल्या मुलाने जात्याशेजारच्या टोपलीत आवाज टिपणारे छोटे यंत्र ठेवून दिले आणि स्वतः ओसरीच्या टोकाला जाऊन बसला. आईला वाटले, यंत्र बंद आहे. त्यामुळे ती गाणे मध्येच थांबवून धाकट्या सुनेला खुंटा कसा धरावा यावरून बोलली, पुन्हा गायली, एका कडव्याशी अडखळली, मग नवरीनेच तो शब्द पुरवला आणि दोघी हसल्या. सात मिनिटांची ही फीत ठरलेल्या कामात नव्हती आणि तिचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. आमच्या कुटुंबात लग्नाची संपूर्ण फिल्म अजून चौघांनी पाहिली असेल. ही सात मिनिटे सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत.

लग्नाचा मुहूर्त गोरज, संध्याकाळी ६ वाजून ३५ मिनिटांचा होता. अक्षता पडल्या सव्वासातनंतर, कारण नवरदेव मारुतीच्या दर्शनाहून निघाल्यावर वरातीतल्या मित्रांनी वाटेत प्रत्येक चौकात नाचायचे ठरवले होते. मावळतीच्या उजेडाचा मोह न धरता छायाचित्रकारांनी दुपारीच स्टेजच्या दोन्ही बाजूंना दिवे लावून ठेवले होते. त्यांनी केलेल्या लग्नांत वेळेवर लागलेली लग्ने एका हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि त्यांतले एक पोलिस अधिकाऱ्याच्या घरचे होते, असे ते म्हणाले.

वरातीत मात्र दोन प्रसंग झाले. डीजेच्या गाडीवर लेझरचे दिवे होते. लेझरचा किरण थेट लेन्समध्ये शिरला तर कॅमेऱ्याचा सेन्सर जळतो आणि नंतर प्रत्येक चित्रावर रेघ उमटते. मागच्या हंगामात त्यांचा एक कॅमेरा असाच गेला होता. लेझर आकाशाकडे वळवा अशी विनंती त्यांनी केली, त्यावर वरातीतल्या मित्रमंडळींची थोडी गुरगुर झाली, शेवटी जावयांनी घोड्यावरूनच हात करून ते दिवे बंद करायला लावले. दुसरा प्रसंग ड्रोनचा. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या यंत्रांना नॅनो म्हणतात आणि त्यांना पायलटचा परवाना लागत नाही. यांचा ड्रोन त्यातला होता. नियम पाळला तरी घोड्याला तो माहीत असतोच असे नाही. डोक्यावर गुणगुण सुरू होताच घोडा बिथरला, दोन पावले मागे गेला आणि जावयांचा फेटा सुटला. ड्रोन लगेच उतरवला आणि पुन्हा उडवला नाही, हे योग्यच झाले. पण अंतिम हिशेबात ड्रोनचे पूर्ण ८ हजार धरले होते, ते योग्य झाले नाही. चार मिनिटांच्या उड्डाणाला ८ हजार हा दर मला पटला नाही, तसे मी बोललो, आणि ३ हजार कमी झाले.

मंगलाष्टकांच्या वेळी मामाने नवरीच्या मागे उभे राहायचे असते, त्यामुळे पुढचा प्रकार मी अगदी जवळून पाहिला. एक छायाचित्रकार अंतरपाटाच्या रेषेत, बाजूला खाली उकिडवा बसला होता, त्याला दोघांचे चेहरे एकाच वेळी दिसत होते. अंतरपाट कोणत्या बाजूला ओढला जाणार हे त्याने गुरुजींना आधीच विचारून घेतले होते, नाहीतर नेमक्या क्षणी कापड तोंडावर आले असते. मुख्य छायाचित्रकार पंधराएक फुटांवर ८५ मिलिमीटरची लेन्स घेऊन उभे होते. या लेन्समुळे लांबून चेहरा जवळचा घेता येतो आणि नवरा-नवरीच्या तोंडासमोर कॅमेरा धरावा लागत नाही. मागे बसलेल्या पाहुण्यांना लग्न दिसते, कॅमेरेवाल्यांच्या पाठी दिसत नाहीत. हा फायदा कोणी जमेस धरत नाही, पण मला तो फार मोठा वाटतो. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा जावयांची मुंडावळी सरकून नाकावर आली होती आणि त्यांनी ती फुंकून वर उडवायचा प्रयत्न केला. भाची सकाळपासून गंभीर राहायचे ठरवून बसली होती. तिचा तो निश्चय जिथे मोडला, तिथले सलग चार फोटो अल्बममध्ये एका शीटवर आहेत.

कानपिळीचेही तसेच. कान पिळायचा मान माझ्या ११ वर्षांच्या मुलाचा होता. कोणता कान पिळणार, हे त्याला सकाळीच विचारून छायाचित्रकार त्या बाजूला जाऊन उभे राहिले होते. चिरंजीवांनी कान जरा जास्तच मनापासून पिळला. जावयांचा तो चेहरा पूर्ण पानभर छापला आहे, आणि तो छापावा ही मागणी त्यांच्या आईची होती.

आता एक गोष्ट अशी आहे की जिच्याबद्दल माझे आणि माझ्या बहिणीचे मत अजून जुळलेले नाही. मांडवात जाण्यापूर्वी भाची आतल्या खोलीत वडिलांच्या तसबिरीसमोर उभी राहिली. छायाचित्रकार दारात होते. त्यांनी कॅमेरा खाली केला आणि ते बाजूला सरकले. त्या क्षणाचा एकही फोटो नाही. बहिणीचे म्हणणे असे की त्यांना पैसे दिले होते ते अशाच वेळेसाठी. मी विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की पूर्वी असे फोटो त्यांनी दोन-तीनदा काढले, चांगले आले, पण घरच्यांनी ते अल्बमसाठी कधीच निवडले नाहीत आणि एका मुलीने तर ते पुसून टाकायला सांगितले. मला हे पटते. बहिणीचेही खोडून काढता येत नाही, कारण काढून ठेवला असता तर निवडायचा की नाही हे तिने ठरवले असते. असे काही आपल्याकडे असेल तर छायाचित्रकाराशी आधी बोलून घ्यावे, एवढेच मी म्हणेन.

उघड चुकीच्या गोष्टी दोन आहेत. पहिली म्हणजे, कॅंडिडच्या नादात वडीलधारी मंडळी सुटली. शिरपूरचे काका आणि नंदुरबारच्या आत्या सकाळपासून नटून बसले होते; पारंपरिक छायाचित्रकार आहेर घेणाऱ्यांच्या रांगेत अडकला आणि बाकीचे हसू शोधत फिरत राहिले. काकांना रात्रीची गाडी होती, ते निघून गेले. ४० शीटमध्ये काका एकदाच आहेत, तेही पाठमोरे. पंगतीचे फोटो जवळजवळ नाहीत. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचे काम आचाऱ्याने असे उत्तम केले होते की त्याचे चित्र हवे होते. अर्थात येथे दोष अर्धा आमचा आहे: पहिल्या पंगतीला माझ्या थोरल्या भावाने सगळ्या कॅमेरेवाल्यांना हाताला धरून पाटावर बसवले आणि जेवल्याशिवाय उठू दिले नाही.

दुसरी चूक गंभीर आहे. भाची सावळी आहे. अल्बमचा पहिला नमुना आला त्यात ती गोरी झाली होती, इतकी की हळदीच्या फोटोत शेजारी बसलेली तिची सख्खी बहीण परक्या घरची वाटावी. पानांवर गुलाब, धबधबे आणि इंग्रजी कवितांच्या ओळीही टाकल्या होत्या. विचारल्यावर कळले की पानांची मांडणी ते स्वतः करत नाहीत, बाहेरगावी एकाकडे देतात, आणि तिथे चेहरे उजळणे हे न सांगता होते, कारण बहुतेक घरे तेच मागतात. "तुम्ही पहिलेच, ज्यांनी परत पाठवलं," असे ते म्हणाले. हे खरे असेल तर ते आपल्या सगळ्यांबद्दलच काहीतरी सांगते. पण मुलीच्या हसण्याची इतकी कदर करणाऱ्या माणसाने तिचा रंग दुसऱ्याच्या हाती सोपवावा, हे मला विसंगत वाटले आणि मी तसे तोंडावर सांगितले. अल्बम दोनदा परत गेला. धबधबे गेले, रंग परत आला. ठरलेल्या ४५ दिवसांचे मात्र जवळजवळ पाच महिने झाले. दरम्यान मी उरलेले सगळे पैसे देऊन बसलो होतो, हा माझा गाढवपणा. शेवटचा हप्ता अल्बम हातात आल्यावरच द्यावा.

जमेच्या बाजूला आणखी एक गोष्ट नोंदवायची राहिली. त्यांच्या कॅमेऱ्यांत प्रत्येक चित्र एकाच वेळी दोन कार्डांवर उतरत होते आणि त्याच रात्री सगळे दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर घेतले गेले. एकूण ३,८०० चित्रे आम्हाला पेन ड्राइव्हवर मिळाली. एका नातेवाइकाच्या लग्नाचे अख्खे चित्रण कार्ड बिघडून गेल्याचे मी पाहिले आहे, त्यामुळे ही काळजी मला लेन्सपेक्षा मोलाची वाटते.

निवडीच्या शेवटच्या संध्याकाळी सहज चाळीसगावचा विषय निघाला. ख्यातनाम छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांचे तिथले रेल्वे स्टेशनजवळचे घर आम्ही दोघांनीही पाहिलेले होते. टेबलावर वस्तू मांडून, उजेड हवा तसा वळवून, हवा तेवढा वेळ घेऊन त्यांनी जी चित्रे घडवली, ती पाहून आलो की महिनाभर आपलेच काम आपल्याला घाईचे वाटते, असे आमचे छायाचित्रकार म्हणाले. मग स्क्रीनवर आईचा जात्याजवळचा फोटो आला आणि त्यांनी स्वतःच तो थोडा अधिक अंधारा केला, ओसरीत पहाटे होता तसा.

धाकट्या भाचीचे लग्न येत्या माघात आहे. याच छायाचित्रकारांना इसार देऊन झाला आहे. या वेळी कागदावर तीन अटी लिहून घेतल्या आहेत: चेहऱ्यांच्या रंगाला हात लावायचा नाही, शेवटचे २५ हजार अल्बमनंतर, आणि संध्याकाळी सहाच्या आत वडीलधाऱ्यांचे ग्रुप फोटो. त्या फोटोंची यादी बहीण करते आहे. शिरपूरच्या काकांचे नाव तिने सर्वांत वर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत.